पोरं जेवल्याशिवाय पुस्तक मिटू नये

गेल्या उन्हाळ्यात तुमच्यातली धाकटी माझ्याकडे राहून गेली. एका दुपारी मी कादंबरी वाचत बसले होते आणि ती जेवायला बोलवायला आली. "आलेच," म्हणून मी बरीच पानं वाचत राहिले. प्रकरण संपलं तरी उठले नाही, आणि पुढच्या प्रकरणाच्या मधेच एका जागी खूण घालून उठले. तिने विचारलं, "आजी, हे काय? प्रकरण संपलं तिथे थांबली नाहीस, आणि आता अध्येमध्येच थांबलीस!" मी म्हटलं, आधी जेवून घेऊ, मग सांगते. सांगायचं राहिलं. ती परत गेली.

आता लिहून पाठवते, म्हणजे तुम्हा सगळ्यांना एकदमच कळेल. मला क्रमाने सांगायची सवय आहे. आधी जागा, मग माणसं, मग पुस्तक.

तेव्हा जबलपूर मध्य प्रांतात होतं आणि लढाई चालू होती. सदरमध्ये, म्हणजे छावणीच्या बाजारात, गोऱ्या सोल्जरांची गर्दी, शहरात धान्याची टंचाई. तांदूळ मिळाला तर खडे मिळत आणि गहू मिळाला तर किडे, असं तुमचे पणजोबा म्हणत. आमचं बिऱ्हाड कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर होतं. पुढे गच्ची होती. थंडीच्या दिवसांत जेवणं आटोपली की गच्चीवर उन्हात चटई टाकायची आणि बायकांनी वाचायला जमायचं, अशी पद्धत माझ्या सासूबाईंनी पाडली होती. त्या स्वतः चार बुकं शिकलेल्या. पण सून इंग्रजी शाळेतली आणली आहे तर तिचा उपयोग व्हावा, असं त्यांचं मत. आठवड्यातून एकदा बैठक होई. मी इंग्रजी पुस्तक उघडून बसायची आणि वाचता वाचता मराठीत सांगत जायची.

माणसं मोजकीच होती. मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी लग्न केलं नव्हतं, खादीचं पातळ नेसायच्या आणि प्रत्येक गोष्टीला नियम करायच्या. डॉक्टरीणबाई, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरांच्या पत्नी. माहेर पुण्याचं, त्यामुळे आमच्या मराठीला नावं ठेवायला मोकळ्या. सासूबाई, मी. आणि सिहोऱ्याच्या काकू.

काकूंचे यजमान जबलपूरजवळच्या सिहोऱ्याला शाळामास्तर होते. ते गेले आणि काकू लेकीला घेऊन दिराकडे जबलपूरला आल्या. दिराचं कापडाचं दुकान होतं, घर खाऊनपिऊन सुखी होतं. काकू त्या घरात पहाटेपासून राबत. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावत नसे, पण वाचनाला यायला हरकत नव्हती, म्हणून त्या आमच्याकडे यायच्या. यायला दुसरंही कारण होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. मोठ्या बाई तिथे असत. लेक त्यांच्याच शाळेत होती, इंग्रजी शिकत होती. दिराच्या घरात कुरकुर सुरू झाली होती की पोरगी मोठी झाली, आता शाळा पुरे, घरात हाताखाली हवी. काकू चटईवर बसायच्या आधी मोठ्या बाईंना विचारायच्या, "बाई, माझी पोरगी बरी करून राहिली नं?" मोठ्या बाई म्हणायच्या, "बरी नाही, फार चांगली करते आहे. मॅट्रिक होईपर्यंत मात्र तिला काढू नका." "नाही काढत. जीव गेला तरी नाही काढत," असं म्हणून काकू बसायच्या. लेक मॅट्रिक व्हावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. दुसरं काही त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

आता पुस्तक. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही ते दोन दिवसांत वाचून मोकळे व्हाल. तुमच्या आजोबांनी कॉलेजातून आणलेली जुनी, बेताच्या जाडीची कादंबरी होती. परक्या मुलखातलं थंडीचं बंदर, गोदीवर काम करणारा बाप समुद्रात बुडून गेलेला, आणि कपडे धुऊन दोन पोरं वाढवणारी आई. गरिबीवर इतकं बारकाईने लिहिलेलं मी त्याआधी काही वाचलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी पहिलं प्रकरण संपवलं. पोरं उपाशीच झोपतात आणि आई दिवा मालवते, तिथे ते संपत होतं. मी पुस्तक मिटलं.

"काहून थांबली?" काकू म्हणाल्या.

"प्रकरण संपलं काकू."

"प्रकरण संपलं असंल. पोरं जेवली कुठं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, पुढच्या आठवड्यात जेवतील."

"आठवडाभर उपाशी ठेवता काय त्यांना? पोथी वाचताना आपण रडत्या जागी थांबतो का? राजा वनात हिंडून राहिला, अन् आपण पोथी बांधून ठेवली, असं करत नाहीत बाप्पा. सुखाच्या जागी आणून ठेवायचं, मग बांधायचं."

मोठ्या बाई म्हणाल्या, "ही कादंबरी आहे, पोथी नव्हे."

पण सासूबाईंनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला, "आमच्या घरीही पोथीचं असंच होतं. वाच ग. पोरं जेवू देत, मग मीट."

मी वाचत गेले. दुसऱ्या प्रकरणात बरंच पुढे गेल्यावर शेजारचा एक म्हातारा खलाशी मुलांना घरात बोलावतो आणि मोठ्या भांड्यातलं कालवण वाढतो. मी जरा अडखळले. तिथे मासळीचं कालवण लिहिलं होतं, आणि ऐकणाऱ्या सगळ्या सोवळ्याओवळ्यातल्या.

"कशाचं कालवण?" सासूबाईंनी विचारलं.

"मासळीचं."

"शिव शिव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"असू दे," काकू म्हणाल्या. "त्यांच्यात चालतं. गरम होतं नं?"

"हो. वाफ येत होती, असं लिहिलंय."

"अच्छा. मग मीट आता."

तेव्हापासून तोच रिवाज पडला. पोरं जेवल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही. पुस्तक असं की जेवण लवकर सापडत नसे. कधी दोन पानांत भाकरीचा तुकडा मिळे, कधी ऊन गच्चीच्या कठड्यापर्यंत सरकलं तरी पोरं बाजारातच फिरत असत. आम्ही हळूहळू वाचायचो. मराठी करून सांगायला वेळ लागे, आणि काकू मधे मधे हात वर करायच्या. "ते वाक्य परत सांग." मी परत सांगायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या. एका दुपारभरात कधीकधी चार-पाच पानंच होत. तुमच्या आजोबांना आश्चर्य वाटे. म्हणायचे, कॉलेजातली मुलं हे पुस्तक परीक्षेच्या आधी रात्रभर जागून संपवतात, आणि तुम्ही बायका एका कालवणावर दुपार घालवता.

एका दुपारची चर्चा मला चांगली आठवते. पुस्तकातली आई शेजारणीने देऊ केलेला पाव परत करते. म्हणते, आमची आत्ताच जेवणं झाली.

"मूर्ख बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोरं उपाशी आणि हिला मानपान सुचतोय. घ्यावा की मुकाट्याने."

"स्वाभिमान आहे तिला," मोठ्या बाई म्हणाल्या. "लेखकाला तेच दाखवायचं आहे."

काकू म्हणाल्या, "स्वाभिमान कशाचा जी? एकदा घेतलं की दुसऱ्या खेपेला ती आपल्या तोंडाकडे पाहते. रोज दार उघडताना पाहते. त्या पाहण्याला भ्यायली ती."

"तुम्हाला हो काय ठाऊक?" डॉक्टरीणबाईंनी चिडवलं. "सिहोऱ्याला गोदी आहे वाटतं?"

"गोदी नाही. शेजारणी आहेत," काकू म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. काकूही.

आता फराळाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. सुरुवातीला बैठकीत खायला असायचं. कधी आमच्याकडचा चिवडा, कधी डॉक्टरीणबाईंच्या सांज्याच्या वड्या, एकदा तर कमानियाजवळच्या हलवायाची खोव्याची जिलबी. काकू तिथे बसून खात नसत. त्यांचा बहुधा उपास असे. आपला वाटा त्या कागदात बांधून पदराच्या टोकाशी घेत. "लेकीला देते," म्हणायच्या. सासूबाई त्यांच्या कागदात जरा जास्तच घालायच्या.

मग महागाई वाढली आणि फराळाची चढाओढही वाढली. कोणाकडून काय आलं याची चर्चा पुस्तकापेक्षा जास्त होऊ लागली. ज्या दुपारी पुस्तकातली पोरं उकिरड्यावर बटाट्याच्या साली शोधत होती, त्याच दुपारी ताटलीत करंज्या होत्या. मोठ्या बाईंनी ताटली बाजूला सारली.

"हे शोभत नाही," त्या म्हणाल्या. "आपण गरिबीवर वाचतो आणि तूप खातो. शिवाय उद्या एखादीला आणणं परवडलं नाही तर तिने काय करायचं? लाजून यायचंच सोडायचं? आजपासून या बैठकीत कुणी काही आणायचं नाही. पाणी आणि सुपारी."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. आजही मला तो नियम वाईट होता असं म्हणता येत नाही. कुणाला लाज वाटू नये म्हणूनच तो केला होता. सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे." काकूंनीही मान डोलावली. "बरं केलं बाई," म्हणाल्या.

नियम कडक पाळला गेला. एकदा डॉक्टरीणबाईंनी लाडू आणले, तर मोठ्या बाईंनी ते परत न्यायला लावले.

त्या थंडीत काकूंचे उपास वाढले. सोमवार होता, एकादशी होती, मग गुरुवार आला, मग एकभुक्त राहण्याचा काहीतरी नेम आला. त्या काळी विधवा बाईने एकवेळ जेवणं यात कुणाला काही वेगळं दिसत नसे. उलट कौतुकच होई. काकूंच्या बांगडीविना मनगटाची हाडं वर आली होती. सासूबाई मला म्हणायच्या, "बघ, याला म्हणतात निष्ठा." डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "काकू, तुम्हाला तर देव थेट सिहोरा स्टेशनावर घ्यायला येणार." काकू म्हणायच्या, "येऊ दे. पण पोरीची परीक्षा झाल्यावर ये म्हणावं."

संक्रांत होऊन गेली होती. आम्ही पुस्तकाच्या शेवटाकडे आलो होतो. त्या दुपारच्या भागात आईचं काम सुटतं, धाकटं पोर तापाने फणफणतं, आणि थोरली मुलगी भाकरी शोधायला बंदरभर हिंडते. मी वाचत होते, जेवण काही येत नव्हतं. ऊन गच्चीवरून उतरलं. कारखान्याचा भोंगा झाला, खालच्या गल्लीतून सायकली परतू लागल्या. मोठ्या बाईंनी शाल गुंडाळून घेतली.

"पुरे करू या," त्या म्हणाल्या.

"थोडं वाच," काकू म्हणाल्या. "मिळंल तिला. इतकी हिंडून राहिली."

मी आणखी वाचलं. अक्षरं दिसेनाशी झाली. सासूबाईंनी कंदील आणायला सांगितला तेव्हा काकूच उठल्या. "राहू द्या. घरी चूल पेटवायची आहे मला." उठताना त्यांनी कठड्याला हात लावला आणि जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी हात द्यायला गेले तर म्हणाल्या, "काही नाही. पाय झोपला."

जिन्याच्या तोंडाशी वळून त्या मला म्हणाल्या, "आज नाही जेवली पोरं."

"पुढच्या वेळी, काकू."

"हो. पुढच्या वेळी आधी तेच वाच."

पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत. ताप आहे, असा निरोप आला. डॉक्टर बघून आले होते. त्यानंतरच्या बैठकीच्या आधीच त्या गेल्या.

डॉक्टरीणबाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. पुण्याची सगळी टापटीप त्या विसरल्या होत्या. म्हणाल्या, "हे म्हणाले, ताप साधा होता. चार दिवसांत उतरला असता. पण अंगात लढायला काही उरलंच नव्हतं. हाडांवर नुसती कातडी. यांनी विचारलं, या जेवत होत्या का? तर घरातले म्हणाले, उपास फार करायच्या."

आम्ही भेटायला गेलो. दिराच्या बायकोने रडून रडून डोळे सुजवले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. "आम्ही काही कमी केलं का हो त्यांना?" ती विचारत होती. "ताट वाढलं की म्हणायच्या, आज नको, व्रत आहे. व्रत कसं मोडायला लावायचं? पापच ना ते?"

काकूंची लेक दाराला टेकून उभी होती. वेणी नीट घातलेली, डोळे कोरडे. तिने आमच्याकडे नाही, मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"व्रत नव्हतं बाई," ती म्हणाली. "मी शाळेत जाते तर घरातले कामाचे दोन हात कमी होतात, असं काका म्हणाले होते. आई म्हणाली, मग खाणारं एक तोंडही कमी करते. म्हणजे फिटलं. मला म्हणायची, मी वाचनाला जाते तिथे खाऊन येते. आधी माझ्यासाठी बांधून आणायची. मग म्हणायची, आता तिथे बसूनच खायची पद्धत झाली आहे, आणता येत नाही."

दीर खाली बघत होते. मोठ्या बाईंच्या हातात त्यांची पिशवी होती, ती त्यांनी जमिनीवर ठेवली आणि खाली बसल्या. त्यांना असं जमिनीवर टेकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग दिरांना म्हणाल्या, "मुलगी माझ्याकडे राहील. मॅट्रिक होईपर्यंत. नाही म्हणू नका."

ते नाही म्हणाले नाहीत.

बरेच दिवस आमची बैठक भरली नाही. पुस्तक कॉलेजात परत द्यायची वेळ आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्या अर्ध्यावर ठेवून गेल्या. संपव ते." होळी जवळ आली होती. उन्हात बसवत नव्हतं, म्हणून चटई आत माजघरात घातली. डॉक्टरीणबाईंनी येताना डबा आणला आणि चटईच्या मधोमध ठेवला. मोठ्या बाईंनी डब्याकडे पाहिलं. नियमाचं नावही त्यांनी काढलं नाही. आमच्याही घरातून एक ताट आलं. त्याला कुणीच हात लावला नाही.

मोठ्या बाईंबरोबर काकूंची लेक आली होती. ती आईच्या जागी बसली नाही. माझ्या शेजारी बसली, पान दिसेल अशी.

मी वाचायला लागले. थोरली मुलगी हिंडून हिंडून परत येते. धाकटं पोर गेलेलं असतं. आई भिंतीला टेकून बसलेली असते आणि मुलीच्या रिकाम्या हातांकडे बघत नाही. बंदरावर बर्फ पडू लागतं. मी मराठी करत होते, आणि माझ्याच्याने पुढे सांगवेना. तेव्हा मुलीने पानावर बोट ठेवलं आणि पुढचं वाक्य आपण होऊन मराठीत सांगितलं. मग त्याच्या पुढचं. तिचं इंग्रजी कच्चं होतं, अडत होती, पण सांगत होती. मोठ्या बाई तिच्या ओठांकडे बघत होत्या.

मग पान संपलं. मागचं पान कोरं होतं.

"पुढे?" तिने विचारलं.

"संपलं ग."

"पण जेवली नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी पदर तोंडाशी धरला. सासूबाई म्हणाल्या, "लेखकानेच ठेवलं उपाशी, आपण काय करणार बाळ?"

मुलीने थोडा विचार केला. "मग मागे जाऊ या," ती म्हणाली. "आई मला सांगायची. एक खलाशी आहे ना? मासळीचं कालवण? तिथे जाऊन मिटू या."

मी मागे गेले. तिथलं पान जरा मळलं होतं. पुस्तक मी तिच्या मांडीवर दिलं. ती फार सावकाश वाचत होती, एकेक शब्द लावून, आणि आम्ही कुणी तिला घाई केली नाही. धाकटं पोर जिवंत होतं. खलाशाने मोठा चमचा भांड्यात घातला. ती थांबली. "याला काय म्हणतात?" तिने विचारलं.

"वाफ," मी म्हटलं.

"वाफ येत होती," ती म्हणाली. मुलं जेवली. मग तिने पुस्तक मिटलं. डॉक्टरीणबाईंनी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. तिने वडी उचलली, आणि सवयीने आधी बांधायला कागद शोधला.

ती मॅट्रिक झाली. पुढे विदर्भात कुठल्याशा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागली, असं मोठ्या बाईंकडून कळलं. जबलपूरला ती परत आली नाही, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही.

धाकटीने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर हे एवढंच आहे. त्या दिवशी मी प्रकरण संपल्यावर थांबले नाही, कारण त्यात एक घर उपाशी होतं. पुढे बरीच पानं गेल्यावर कुणीतरी त्यांच्यापुढे भाताचं पातेलं ठेवलं. तिथे मी खूण घातली आणि जेवायला आले.